दाराची कडी कोणाच्या हाती? : बुसान बंदराची पूर्वकथा



आपल्या या वसंत व्याख्यानमालेत आज कोरियातील एका बंदराची कथा का सांगावयाची, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. कोरियाचे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते १९५० साली सुरू झालेल्या युद्धामुळे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालील आपले ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक जखमींच्या शुश्रूषेसाठी ज्या धक्क्यावर उतरले, तो धक्का बुसानचा. राजधानी सोल शत्रूच्या हाती गेली तेव्हा दक्षिण कोरियाचे सरकार ज्या गावाच्या आश्रयाला गेले, ते गावही बुसानच. परंतु त्या युद्धाविषयी आज आम्हांला बोलावयाचे नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते त्याच्या फार पूर्वीच्या बुसानविषयी.

कोणतेही लहानसे पुस्तक उघडले तर त्यात एक वाक्य हमखास सापडते : १८७६ साली जपानने कोरियाशी तह केला आणि बुसान बंदर 'उघडले'. जणू त्यापूर्वी तेथे एक बंद दार होते, दाराआड एक झोपलेला देश होता आणि बाहेरून कोणी येऊन त्याला जागे केले. हे विधान आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे. बंदर उघडे होते की बंद, हा प्रश्नच अपुरा आहे. दाराची कडी कोणाच्या हाती होती, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बुसानच्या इतिहासाइतके स्पष्टपणे फारच थोड्या ठिकाणी मिळते.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणू. कोरिया हा आशिया खंडाला लोंबणारा एक द्वीपकल्पाचा तुकडा. त्याच्या अगदी आग्नेय टोकाला बुसान. पश्चिमेला नाकदोंग नदीचे मुख, मागे डोंगर, पुढे समुद्र; आणि समुद्रापलीकडे जेमतेम पन्नास किलोमीटरांवर त्सुशिमा नावाचे जपानी बेट. हवा स्वच्छ असली म्हणजे बुसानच्या किनाऱ्यावरून ते बेट नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्सुशिमा डोंगराळ, तेथे भातशेतीला जमीन नाही म्हटले तरी चालेल. तेव्हा तेथल्या माणसाने पोटासाठी करावे काय? मासे मारावे, व्यापार करावा, नाही तर लूट करावी. बुसानचा निम्मा इतिहास या एका भौगोलिक वस्तुस्थितीत सामावलेला आहे.

हे येणेजाणे किती जुने आहे? बुसानच्या योंगदो बेटावर दोंगसाम-दोंग नावाचे ठिकाण आहे. तेथे नवाश्मयुगीन माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगच्या ढीग सापडले. त्या ढिगांत जपानमधील जोमोन पद्धतीच्या मडक्यांची खापरे आहेत आणि क्यूशू बेटावरील ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे तुकडेही आहेत. एक मोठा शिंपला असा सापडला की त्याला तीन भोके पाडून माणसाच्या चेहऱ्याचा आकार दिलेला आहे. दोन डोळे आणि एक तोंड. म्हणजे राजे, तह आणि जकाती यांच्या कित्येक हजार वर्षे आधी कोणी तरी लहानशा होडीतून ही खाडी ओलांडीत होते.

त्यानंतरचा टप्पा लोखंडाचा. तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथ सांगतो की, या भागात लोखंड निघे, शेजारचे लोक आणि जपानी लोकही ते नेत, आणि बाजारात ते पैशासारखे चाले. १९६९ साली बुसानच्या बोकचोन-दोंग भागात घरे बांधताना जुन्या थडग्यांचा पत्ता लागला. ती मुख्यतः चौथ्या ते सहाव्या शतकांतील. त्यांतून लोखंडी चिलखते निघाली, शिरस्त्राणे निघाली आणि लोखंडाच्या सपाट लगडीही निघाल्या. ग्रंथातील वाक्याला जमिनीने साक्ष दिली, असे क्वचितच घडते.

येथे श्रोत्यांपैकी कोणी अयोध्येच्या राजकन्येचा उल्लेख करील, म्हणून आम्हीच तो करतो. बुसानला लागून गिम्हे नावाचे गाव आहे. ते गाया राज्याचे मूळ स्थान. तेराव्या शतकात इर्योन नावाच्या भिक्षूने लिहिलेल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात कथा आहे की, इ. स. ४८ मध्ये आयुता देशाची राजकन्या होडीतून आली आणि गायाच्या सुरो राजाची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या असे पुष्कळांचे म्हणणे आहे, आणि २००१ साली अयोध्येत या राणीचे स्मारकही उभारले गेले. कथा गोड आहे. परंतु ती घटनेनंतर बारा शतकांनी लिहिलेली आहे. म्हणून तिला कथेचाच मान द्यावा, इतिहासाचा देऊ नये. तिच्यातून एवढे मात्र निश्चित कळते की, आपली राणी समुद्रावरून आली असे सांगण्यात या किनाऱ्यावरच्या लोकांना कमीपणा वाटत नव्हता.

पुढे शिल्ला राज्याने हा मुलूख जिंकला आणि ७५७ साली त्याला 'दोंगने' हे नाव मिळाले. पुढे हजार वर्षे अधिकाऱ्यांचे गाव दोंगने, किंचित आत. आणि बुसान म्हणजे त्याच्या पुढ्यातला समुद्रकाठ. 'बुसान' या नावाचीही गंमत आहे. जुन्या कागदांत ते 'संपन्न डोंगर' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहिलेले आढळते. पंधराव्या शतकात उच्चार तोच राहिला, पण अक्षर बदलले आणि अर्थ झाला 'कढईचा डोंगर'. कारण बंदरामागची टेकडी पालथ्या कढईसारखी दिसे. संपत्ती गेली आणि कढई आली. सामान्य माणसाची नजर शेवटी स्वयंपाकघराकडे वळते, ती अशी!

आता कडीकडे येऊ. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी चाच्यांनी कोरियाचा किनारा हैराण करून सोडला. १४१९ साली चोसन राजवटीने २२७ जहाजे आणि सतरा हजारांवर माणसे त्सुशिमावर पाठविली. परंतु नुसत्या मोहिमांनी भुकेचा बंदोबस्त होत नाही, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. लुटारूला व्यापारी करावे, हे त्यांचे धोरण. त्यांनी १४०७ साली बुसान आणि जेपो, व १४२६ साली योम्पो, अशी तीन बंदरे जपान्यांना नेमून दिली. १४४३ च्या करारान्वये त्सुशिमाच्या सरदाराला वर्षाला पन्नास जहाजे पाठविण्याची मुभा मिळाली आणि राजाकडून २०० सॉम धान्य मिळू लागले. सॉम हे तिकडचे धान्याचे मोठे माप. याला कोणी खंडणी म्हणेल, कोणी दान म्हणेल. आम्ही त्याला शेजारधर्माचा हिशेब म्हणू.

हा हिशेब फार दिवस सरळ राहिला नाही. तिन्ही बंदरांत मिळून साठ जपानी घरे राहावीत असे ठरले होते. १४९४ च्या मोजणीत माणसेच तीन हजारांवर निघाली. अधिकाऱ्यांनी आवळायला सुरुवात केली, तेव्हा १५१० साली या वसाहतींनी दंगा केला आणि बुसानचा सेनाधिकारी मारला गेला. दंगा मोडला; पन्नास जहाजांची पंचवीस झाली, दोनशे सॉमचे शंभर झाले. आणखी काही भांडणे होऊन १५४७ च्या करारानंतर तिहींपैकी एकटे बुसान उरले.

आणि मग १५९२ साल उजाडले. जपानचा सर्वाधिकारी तोयोतोमी हिदेयोशी याला चीन जिंकावयाचा होता आणि वाट कोरियातून होती. मे महिन्यात पहिली तुकडी बुसानसमोर उतरली. तिच्यात त्सुशिमाचा सरदार सो योशितोशी होता. ज्या वाटेने त्सुशिमाचे दूत इतकी वर्षे बुसानहून सोलला जात, तीच वाट आता फौजेला ठाऊक होती. बुसानच्या किल्ल्यात चोंग बाल पडला. किल्ला एका दिवसात गेला. दुसऱ्या दिवशी दोंगने. आम्हांला वाट द्या, असा निरोप जपान्यांनी पाठविला, तेव्हा तेथील अधिकारी सोंग सांग-ह्यॉन याने उत्तर दिले की, मरणे सोपे आहे, वाट देणे अवघड आहे. तो बोलला तसा मेला.

अशी वीरवचने इतिहासात पुष्कळ असतात आणि ऐकताना आपली मान डोलते. परंतु २००५ साली दोंगने येथे भुयारी रेल्वेचे स्टेशन खोदीत असता जुन्या तटाचा खंदक उघडा पडला. त्यात शस्त्रे होती आणि माणसांचे सांगाडे होते. ते केवळ शिपायांचे नव्हते. एका तरुण स्त्रीच्या कवटीवर तलवारीच्या खुणा होत्या. एका लहान मुलाच्या कवटीला गोळीचे भोक होते. त्या स्टेशनातच आज संग्रहालय केलेले आहे; गाडीची वाट पाहणारा माणूस दोन पावलांवर चार शतकांमागच्या त्या दिवसाला भेटतो. वाट देणे अवघड म्हणजे काय, ते त्या खंदकाकडे पाहिल्यावर कळते.

हे युद्ध १५९८ पर्यंत चालले. इतक्या रक्तपातानंतर त्या दोन देशांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, असेच कोणालाही वाटेल. परंतु त्सुशिमाला भूक होती आणि कोरियाची हजारो माणसे जपानात कैदेत होती. सम्योंगदांग या नावाने प्रसिद्ध असलेला, युद्धात स्वतः लढलेला एक बौद्ध भिक्षू जपानला गेला, १६०५ साली तोकुगावा इएयासुला भेटला आणि कैदी सोडवून घेऊन आला. त्यानंतर चोसन दरबाराने अट घातली की, पहिले पत्र जपानच्या सत्ताधीशाकडून आले पाहिजे. पत्र आले, ते त्सुशिमाने बनावट तयार केलेले होते! कोरियाचा वकील उत्तर घेऊन गेला, तेव्हा त्या उत्तरातही त्सुशिमाने अक्षरे फिरविली. हे सगळे १६३५ साली एका असंतुष्ट कारभाऱ्याने उघड केले. शोगुनने फिर्याद करणाऱ्या त्या कारभाऱ्यालाच हद्दपार केले आणि त्सुशिमाच्या सरदाराला अभय दिले. कारण उघड आहे. पत्रे खोटी होती, पण त्यांतून निर्माण झालेली शांतता खरी होती, आणि ती दोघांनाही हवी होती.

१६०९ च्या कराराने व्यापार पुन्हा सुरू झाला. जहाजे वीस, धान्य शंभर सॉम; आणि एक नवी अट, सर्वांत महत्त्वाची : जपान्याने सोलला जावयाचे नाही. काय होईल ते बुसानलाच होईल. १५९२ चा धडा तो हाच. बुसानमध्ये जपान्यांसाठी जे आवार असे, त्याला कोरियन भाषेत 'वेग्वान' म्हणत. आपल्या भाषेतील 'वखार' हा शब्द त्याला अगदी बरोबर बसतो. १६७८ साली ही वखार चोर्यांग येथे, योंगदूसान नावाच्या टेकडीभोवती नव्याने बांधली गेली. आवार सुमारे तेहेतीस हेक्टरांचे. नागासाकीच्या बंदरात डच लोकांना ज्या देजिमा बेटावर ठेवले होते, त्याच्या वीसपटीहून हे मोठे. आत त्सुशिमाचे चारपाचशे पुरुष राहत. स्त्रियांना मज्जाव. भोवती भिंत, वेशीवर पहारा. महिन्यातून सहा वेळा, तिथीच्या शेवटी तीन किंवा आठ येईल त्या दिवशी, बाजार भरे. शिवाय वेशीबाहेर सकाळची मंडई असे. तेथे आसपासच्या गावांतील लोक भाजी आणि मासळी विकीत.

जपानकडून रुपे आणि तांबे येई. कोरियाकडून जिन्सेंग, चिनी रेशीम, सुती कापड आणि तांदूळ जाई. जिन्सेंग ही औषधी मुळी जपान्यांना एवढी प्राणप्रिय होती की, कोरियन व्यापारी हलके रुपे घेईनात तेव्हा १७१० साली शोगुनच्या सरकारने केवळ जिन्सेंगच्या खरेदीसाठी चोख रुप्याचे वेगळे नाणे पाडले. आपल्या प्रजेला हिणकस नाणे आणि परक्याला चोख, असा हा व्यवहार!

वखारीचे नियम आजही वाचावयास मिळतात, कारण ते १६८३ साली ठरले आणि दगडावर कोरले गेले. तो दगड बुसानच्या संग्रहालयात आहे. कलमे पाच. हद्द ओलांडणाऱ्यास मृत्युदंड. चोरटा व्यापार करील तर देणारा आणि घेणारा, दोघांसही मृत्युदंड. बाजाराच्या दिवशी खोल्यांत शिरून गुप्त सौदे करणाऱ्या दोघांसही तेच. सामान पुरविणाऱ्या कोरियन चाकरांस जपान्यांनी मारहाण करू नये. आणि अपराधी कोठलाही असो, शिक्षा वखारीच्या वेशीबाहेर व्हावी. नियम कठोर, किंबहुना क्रूर आहेत. परंतु त्यातील 'दोघांस' हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

या व्यवस्थेची बखर आम्ही गोड करून सांगत नाही. वखारीला लागणारा तांदूळ आणि कापड आसपासच्या शेतकऱ्यांच्या करातून जाई. चोरून वखारीत गेलेली कोरियन स्त्री आणि तिला नेणारा मध्यस्थ यांना देहदंड होई, आणि जपानी पुरुष मात्र बहुधा सुटे. त्याच्या शिक्षा ठरावयास १७११ साल उजाडावे लागले. तरीही हे मान्य केले पाहिजे की, ज्या दोन देशांनी एकमेकांचे इतके रक्त सांडले, त्यांच्यात त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळ युद्ध झाले नाही. आणि ही शांतता रोजच्या रोज राखली जाई ती या भिंतीआड, दुभाषे, कारकून आणि पहारेकरी यांच्याकडून.

या माणसांपैकी एक नाव तरी आपण घरी न्यावे : आमेनोमोरी होशू. हा त्सुशिमाचा पंडित १७०३ साली बुसानच्या वखारीत कोरियन भाषा शिकावयास आला. पस्तिशी गाठलेला विद्वान विद्यार्थी होऊन बसला. पुढे त्याने त्सुशिमात दुभाष्यांची शाळा काढली आणि १७२८ साली आपल्या सरदारासाठी शेजारनीतीवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, शेजाऱ्याशी सचोटी म्हणजे त्याला न फसविणे आणि त्याच्याशी न भांडणे. आणि त्यासाठी आधी त्याच्या रीतिभाती जाणल्या पाहिजेत. ज्या बेटाने राजपत्रे बनावट केली, त्याच बेटाने शंभर वर्षांनी हा मनुष्य दिला.

याच बुसानहून कोरियाचे मोठे वकीलमंडळ जपानला निघे. १६०७ पासून १८११ पर्यंत अशी बारा मंडळे गेली. त्यांत चारपाचशे माणसे असत. अधिकारी, वैद्य, चित्रकार, वादक, घोड्यावरचे कसरतपटू. निघण्यापूर्वी बुसानच्या किनाऱ्यावर समुद्रदेवतेची पूजा होई. १७६३ च्या मंडळाचा प्रमुख चो ओम याने त्सुशिमात एक कंद पाहिला आणि त्याचे बेणे बुसानला धाडले. तो कंद म्हणजे आपले उपासाचे रताळे. कोरियाच्या दुष्काळांत त्याने किती जणांना जगविले असेल! उघड्या दारातून रुपेच येते असे नाही. कधी रताळेही येते, आणि तेच अधिक टिकते.

आता १८७६ कडे येऊ. १८६८ साली जपानात शोगुन गेला आणि सम्राटाचे सरकार आले. नव्या सरकारच्या पत्रात केवळ चीनच्या बादशहाला शोभतील अशी अक्षरे होती. दोंगनेच्या अधिकाऱ्यांनी ते पत्र स्वीकारले नाही. १८७२ साली जपानी सरकारने त्सुशिमाला बाजूला सारून वखार परस्पर आपल्या ताब्यात घेतली. वास्तविक ती जागा कोरियाची आणि इमारती मुख्यतः कोरियाच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या. पाहुण्याने घराचा उतारा आपल्या नावे करून घेतला. १८७५ साली 'उन्यो' हे लढाऊ जहाज प्रथम बुसानला येऊन तोफांचे प्रदर्शन करून गेले, आणि मग गांगह्वा बेटाजवळ खरी चकमक झाली. फेब्रुवारी १८७६ मध्ये तह झाला.

त्या तहात काय होते? बंदरात जपान्याने गुन्हा केला तर न्याय जपानी अधिकारी करणार. जपानात कोरियन माणसाने केलेल्या गुन्ह्याचा न्याय करण्याचा तसाच हक्क मात्र कोरियाला नाही. त्याच वर्षी झालेल्या पुरवणी व्यवस्थेने जपानी मालावर जकात नाही. १८७७ च्या जानेवारीत जुन्या वखारीची सारी जागा वर्षाला पन्नास येन भाड्याने जपानी वसाहतीसाठी दिली गेली. १८७८ साली कोरियाने दुमोजिन येथे नाके बसवून आपल्याच व्यापाऱ्यांकडून जकात घेण्यास आरंभ केला, तर जपानने लढाऊ जहाज आणून ते नाके बंद करविले. श्रोतेहो, १६८३ चा दगड आठवा. तेथे 'दोघांस' असे होते. येथे तो शब्दच नाहीसा झाला.

तेव्हा १८७६ साली बुसान उघडले, हे खरे नव्हे. ते पूर्वीच उघडे होते. मोजून, मापून, दार लोटून ठेवलेले. १८७६ साली दाराची कडी एका हातातून काढून दुसऱ्या हातात गेली. पुढचे सारे त्यातूनच आले. १९०५ साली सोल ते बुसान रेल्वे पुरी झाली, त्याच वर्षी शिमोनोसेकीहून बुसानला आगबोट सुरू झाली. १९१० साली देशच गेला, तो १९४५ साली परत मिळाला.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, दारे लावून घेणे बरे. तसे आमचे म्हणणे नाही. दार लावून बसलेल्याकडे रताळे येत नाही आणि आमेनोमोरीही येत नाही. परंतु दार उघडा, म्हणजे प्रगती होईल, असे कोणी सांगू लागले की गावकऱ्यांनी नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : गुन्ह्याचा न्याय कोण करणार? जकात कोण ठरविणार? आणि नियमात 'दोघांस' हा शब्द आहे की नाही? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असली, तर दार सताड उघडण्यास हरकत नाही.

त्या योंगदूसान टेकडीवर आता सार्वजनिक बाग आहे. जेथे जपानी वखार होती, तेथे जपानी आरमाराचा पराभव करणाऱ्या यी सुन-शिन या सेनापतीचा पुतळा उभा आहे. आणि २०१७ साली त्या बारा वकीलमंडळांची कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत गेली, ती कोरिया आणि जपान येथील नागरिकांच्या संस्थांनी मिळून केलेल्या अर्जावरून. एका टेकडीवर युद्धाची आठवण आणि एका यादीत शांततेची. बुसानने दोन्ही जपल्या, हे त्या शहराचे मोठेपण.